पळस्पे फाट्यावर अडकलेलं विमान

नवी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं. त्या दिवशी नवी मुंबईत जड वाहनांना बंदी होती. पंतप्रधान येणार म्हटल्यावर बंदोबस्त आलाच, आणि पाहुणे यायच्या वेळी घरातला पसारा पलंगाखाली ढकलायचा ही तर आपली जुनी रीत. तेव्हा बंदीबद्दल तक्रार नाही. गंमत एवढीच वाटली, की ज्या विमानतळामुळे मालवाहतुकीचा चेहरामोहरा बदलणार असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो, त्याच्या पहिल्याच दिवशी माल वाहणाऱ्याला शिवेबाहेर उभं करावं लागलं. सुरुवात तर प्रामाणिक झाली म्हणायची.

ट्रकवाल्यांना याचं काही वाटलं नाही. त्यांना सवय आहे. पुढारी आले, ट्रक थांबवा. गणपती आले, ट्रक थांबवा. गणपती गेले, पुन्हा थांबवा. सकाळी साहेब ऑफिसला निघाले म्हणून थांबवा, संध्याकाळी साहेब घरी निघाले म्हणून थांबवा. त्याच साहेबांनी ऑफिसात बसून दुपारी मागवलेला नवा मोबाइल मात्र रात्री जेवायच्या आत दारात पाहिजे. तो कशातून येतो, हा प्रश्न साहेबांना पडत नाही. ॲपवर येतो, असं त्यांचं मत आहे.

खरं म्हणजे या विमानतळावर पहिली ये-जा झाली ती चाकांचीच. उलव्याची 92 मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून फोडली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दलदलीत भराव टाकून जमीन वर उचलली. आता टेकडी काही आपली आपण उठून भरावात जाऊन बसली नाही. ती डंपरमधून गेली, फेरीमागून फेरी. 25 डिसेंबर 2025 ला पहिलं प्रवासी विमान उतरलं तेव्हा अग्निशमनच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी पाण्याची कमान धरून त्याला सलामी दिली. डंपरच्या वाट्यालाही पाणी आलं होतं, नाही असं नाही. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर टँकरनं मारतात ते.

आता थोडं गणित. उपहासाच्या सदरात गणित घालू नये असा संकेत आहे, पण या बाबतीत गणितच जास्त हसवतं.

पहिल्या टप्प्यात या विमानतळाची मालाची क्षमता वर्षाला 5 लाख टन सांगितली आहे. सगळे टप्पे पुरे झाले की 32.5 लाख टन, आणि प्रवासी 9 कोटी. हे आकडे आपल्याला पाठ झालेत. पण हा साडेबत्तीस लाख टन माल धावपट्टीच्या कडेला गवतासारखा उगवणार नाही. तो कुठून तरी यावा लागेल किंवा उतरल्यावर कुठं तरी जावा लागेल. दहा टनांची गाडी धरली तर वर्षाला सव्वातीन लाख फेऱ्या, म्हणजे रोजच्या नऊशेच्या आसपास गाड्या. तेही कागदावर. विमानाचा माल हलका आणि फुगीर. औषधांचे खोके, तयार कपडे, फुलं, इलेक्ट्रॉनिक्स. यात गाडीतली जागा आधी संपते, वजन नंतर भरतं. दहा टनांची गाडी चार-पाच टनांतच 'फुल' होते. मग नऊशेचे किती होतात, ते वाचकांनी करून बघावं. शिवाय भरून आलेली गाडी बहुतेक वेळा खाली परतते, आणि खाली गाडी रस्त्यावर भरलेल्या गाडीइतकीच जागा खाते. टोलसुद्धा तेवढाच.

9 कोटी प्रवासी म्हणजे रोजचे जवळजवळ अडीच लाख. ते त्याच रस्त्यांनी येणार. त्यातला एखादा पहिल्यांदा अमेरिकेला निघालेला असला, की त्याला सोडायला दोन गाड्या भरून गोतावळा येणार. आजी ओवाळणार, मामा बॅगेचं वजन हातानं तोलून 'तेवीसच्या आत आहे' म्हणणार, आणि मागे उभ्या असलेल्या कंटेनरनं हॉर्न दिला की सगळे मिळून त्याच्याकडे अशा नजरेनं बघणार, की 'यांना विमानतळाच्या रस्त्यावर सोडतात कसे?'

आणि हा विमानतळ उभा कुठं राहिला? तर न्हावा-शेव्याच्या शेजारी. 1989 साली सुरू झालेलं हे बंदर, आताचं जेएनपीए, इथून रस्त्यानं चौदाएक किलोमीटरवर. 2024-25 या एका वर्षात त्यानं वीस फुटी मापाचे 73 लाख कंटेनर हाताळले. एकूण माल 9 कोटी टनांवर. यातला थोडा रेल्वेनं जातो, बाकीचा ट्रेलरवर चढून उरण, जासई, गव्हाण फाटा, पळस्पे, कळंबोली असं तीर्थाटन करत बाहेर पडतो. म्हणजे विमानतळ अगदी पूर्ण वाढला तरी त्याचा माल बंदराच्या त्या वर्षीच्या मालाच्या साडेतीन टक्के. किमतीचं विचाराल तर विमानातला माल किलोकिलोनं महाग असतो हे मान्य. पण रस्त्याला किंमत कळत नाही, त्याला चाकं कळतात. या साडेतीन टक्क्यांची बातमी पहिल्या पानावर येते. उरलेल्यांची बातमी येते ती अपघात झाला तर.

सरकारला हे माहीत नाही असं म्हणता येणार नाही. माहीत आहे, आणि ते लेखी कबूलही केलं आहे. 19 मार्च 2025 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं पागोटे ते चौक असा 29 किलोमीटरचा सहापदरी महामार्ग मंजूर केला. खर्च साडेचार हजार कोटी. बंदरातून निघून थेट पुणे एक्स्प्रेसवेला आणि गोवा महामार्गाला मिळणारा, डोंगरातून बोगदे काढून जाणारा रस्ता. त्याचं कारण देताना सरकारी टिपणात साफ म्हटलं आहे, की आज बंदरातून महामार्गाला लागायला वाहनांना दोन ते तीन तास लागतात, कारण पळस्पे फाटा, कळंबोली जंक्शन, पनवेल इथली कोंडी. विमानतळ सुरू झाला की थेट रस्त्याची गरज आणखी वाढेल, हेही त्यातच आहे. इतकं स्वच्छ निदान आम्ही सरकारी कागदात क्वचित वाचलं. आता फक्त तारखा बघा. विमानतळाची कोनशिला 2018 च्या फेब्रुवारीत बसली. त्याच्यामुळे गरज वाढेल अशा रस्त्याला मंजुरी मिळाली 2025 च्या मार्चमध्ये, आणि बांधायला अडीच वर्षं. विमान आधी उतरलं, रस्ता मागाहून येतो आहे. कोंडीत अडकला असेल.

त्याच टिपणात पळस्पे-कळंबोली भागातली वाहतूक दिवसाला सुमारे 1.8 लाख 'पीसीयू' दिली आहे. पीसीयू म्हणजे प्रवासी मोटारीच्या मापानं मोजलेली वाहनं. रस्ते-अभियंत्यांच्या कोष्टकात एक मल्टी-ॲक्सल ट्रक म्हणजे साडेचार मोटारी. माप कोणाचं धरलं आहे, यावरून घर कोणाचं ते कळतं. मोटार म्हणजे दोन नवमांश ट्रक, असं कोष्टक आजवर कोणी काढल्याचं आमच्या पाहण्यात नाही.

विमान आणि ट्रक या दोन जाती वेगळ्या आहेत असा जो समज आहे, तोही इथंच दूर करायला हवा. हवाई माल म्हणून ज्याची पावती फाटते, त्यातला बराच माल बराच वेळ जमिनीवरूनच प्रवास करतो. जगभर विमान कंपन्या एका शहरातून दुसऱ्या विमानतळापर्यंत माल ट्रकनं नेतात आणि त्या ट्रकला चक्क फ्लाइट नंबर देतात. थट्टा नाही, धंद्यातली नेहमीची पद्धत आहे. युरोपात तर अशी चाकांवरची विमानं रात्रभर हायवेवरून पळत असतात. आपल्याकडेही कारखान्यांच्या पट्ट्यातून सील लावलेले बाँडेड ट्रक मुंबईच्या विमानतळाकडे निघतात. आता कल्पना करा, चाकणहून निघालेलं असं एक विमान पळस्पे फाट्यावर उभं आहे. वैमानिक बीडचा. खांद्यावर टॉवेल, डॅशबोर्डवर विठोबा, पायाशी पाण्याचा कॅन. एजंटच्या ऑफिसातल्या पोराचा फोन येतो.

'मामा, कुठवर आलात?'

'पळस्प्याला.'

'मघाशी पण पळस्प्यालाच होता की!'

'मघाशी अलीकडं होतो. आता मधोमध आलोय.'

'मामा, साडेचारला माल आत गेला पाहिजे. विमान थांबायचं नाही.'

'मला तरी कुठं थांबायचं होतं? हवालदारसाहेबांनी हात केला.'

'काय म्हणतात?'

'म्हणतात, एअरपोर्टच्या गाड्या सोडायच्यात, तू कडंला घे.'

'अहो, तुमचीच गाडी एअरपोर्टची आहे! कागद दाखवा ना त्यांना.'

'दाखवला. म्हणले, ह्याच्यावर विमानाचा नंबर हाय, ट्रकचा कुठाय?'

यावर त्या पोरानं फोन ठेवला असेल. मामांनीही स्टोव्ह पेटवून चहा टाकला असेल. दोघांचंही चुकलं नाही. माल त्या दिवशीच्या विमानात गेला नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा मिळेपर्यंत गाडीचं हॉल्टिंग कोण देणार यावर ट्रान्सपोर्टवाला आणि पार्टी यांच्यात जे बोलणं होतं, ते छापण्याजोगं नसतं.

लांबून येणाऱ्या गाडीची तऱ्हा आणखी वेगळी. ई-वे बिलाला 200 किलोमीटरमागे एक दिवस अशी मुदत असते. ज्यानं हा नियम केला त्यानं गाडी चालते असं गृहीत धरलं. कोंडीत किलोमीटर जागच्या जागी राहतात आणि बिल आपलं म्हातारं होत जातं. मुदत संपायच्या आधी आठ तास आणि संपल्यावर आठ तास, एवढ्या वेळात ती वाढवून घेता येते. म्हणजे ड्रायव्हरनं एका हातानं स्टिअरिंग धरायचं, दुसऱ्या हातानं मालकाला फोन लावायचा, 'बिल वाढवा'; आणि तिसऱ्या हातानं, फोनवर बोलताना दिसला म्हणून आलेलं ई-चलान घ्यायचं. या चलानांवरून राज्यातल्या वाहतूकदारांनी 2025 च्या जुलैत संप केला होता. ट्रक उभे राहिले तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, की ते एरवी चालतात.

वेळापत्रकाचा विनोद तर फुकटच होता. मुंबई-ठाण्यात सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी जड वाहनांना मज्जाव, म्हणून मोठ्या गाड्या रात्रीची वाट बघतात. आणि नवा विमानतळ सुरू झाला तेव्हा चालू असायचा सकाळी 8 ते रात्री 8. एकाची रात्रपाळी, दुसऱ्याची दिवसपाळी. नवरा-बायकोत असं झालं की संसार चिठ्ठ्यांवर चालतो.

सागरी सेतू आहे ना, असं कोणी तरी म्हणेलच. अटल सेतूचं उद्घाटन 12 जानेवारी 2024 ला झालं. 21.8 किलोमीटरचा, सुंदरच आहे. त्यावर एकेरी टोल ठरला मोटारीला 250 रुपये आणि चार ते सहा ॲक्सलच्या गाडीला 1,300. मुंबईत उतरल्यावर मोठ्या गाड्यांना पूर्व मुक्त मार्गावर जायची मुभा नाही, त्यांनी मुंबई बंदराच्या आतल्या रस्त्यानं जावं. भाड्यात डिझेल वजा जाता हातात किती राहतं याचा हिशेब मालकाला तोंडपाठ असतो. तो ड्रायव्हरला सांगतो, 'जुन्या रस्त्यानंच ये.' ड्रायव्हर जुन्या रस्त्यानं येतो आणि सेतू टाळणाऱ्या मोटारवाल्यांना पुढं वाशीला भेटतो.

न्याय म्हणून एक सांगितलं पाहिजे. या विमानतळाचा मालवाहतुकीला फायदा आहे, आणि तो थोडाथोडका नाही. आजवर पुण्या-नाशिकचा, कोल्हापूर-सांगलीचा हवाई माल मुंबईच्या जुन्या विमानतळावर, सहारला न्यायचा म्हणजे सगळी मुंबई ओलांडायची. मरोळच्या रस्त्यावर ट्रक उभा करायचा आणि आत बोलावणं येईपर्यंत आजूबाजूच्या सोसायट्यांच्या शिव्या खायच्या. तो माल खाडीच्या अलीकडेच उतरला तर कोणाला नको आहे? पण माल विमानतळाकडे जात नाही, तो विमानाकडे जातो. हवाई मालाचा मोठा वाटा प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. लंडनचं विमान जोवर सहारहून उडतं आहे, तोवर लंडनचा माल सहारलाच जाणार. दुबईचं उलव्याहून उडालं तर दुबईचा उलव्याला. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन खोक्यांसाठी दोन गाड्या. आणि एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढं जायचा माल असेल तर मधली मजल पुन्हा ट्रकवर. शहराला दुसरा विमानतळ मिळतो तेव्हा ट्रकला एक नवी फेरी मिळते. कुठल्याही सादरीकरणात ती दाखवत नाहीत, कारण ती चित्रात चांगली दिसत नाही.

दरम्यान पनवेल-उलवे भागात जमिनीला जे भाव आले आहेत, त्यात ट्रक उभा करायला जागा ठेवणं म्हणजे सोन्याच्या ताटात पेंड खाण्यासारखं आहे. जिथं कंटेनर यार्ड होतं तिथं हॉटेल शोभेल, जिथं गॅरेज होतं तिथं टॉवर. गोदाम हटतं, आणखी पंधरा-वीस किलोमीटर आत जातं. गोदाम लांब गेलं की फेरी लांबते. फेरी लांबली की रस्त्यावर गाड्या वाढतात. गाड्या वाढल्या की टॉवरमधले रहिवासी निवेदन देतात. निवेदन आलं की जड वाहनांना नवीन बंदी लागते. हे असं सगळं नियोजनबद्ध चालू असतं.

कोकणातल्या आंब्याची कथा तर कोणालाही कळेल. देवगडचा हापूस वाशीच्या बाजारात पोहोचतो तो मुंबई-गोवा महामार्गानं. या महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. त्या साली लावलेली हापूसची कलमं आता भरभरून फळं देतात, रस्ता अजून मोहोरावर आहे. रात्रभर त्या रस्त्यावर हादरे खाऊन, निम्मी पेटी आतल्या आत पिकवून आंबा वाशीला येणार, तिथं प्रक्रिया होणार, मग तो विमानात बसून नऊ-दहा तासांत लंडनला उतरणार. आणि आपण अभिमानानं म्हणणार, 'बघा, काल झाडावर होता.' काल झाडावर नव्हता, काल तो वळण रस्त्यावर होता.

पुरंदरला याच्याही पुढं गेलो आहोत. तिथल्या नियोजित विमानतळासाठी वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव या सात गावांच्या जमिनी घ्यायच्या आहेत. शेतमाल परदेशी पाठवायची सोय होईल, हे विमानतळाच्या बाजूनं दिलं जाणारं एक कारण. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे. आज तो टेम्पोत बसून दिवे घाट उतरतो आणि पुण्याच्या बाजारात जातो. धावपट्टीखाली ज्यांच्या अंजीर-सीताफळाच्या बागा जातील, त्यांना आपला माल पाठवायला दारात विमान असेल. पाठवायला माल नसेल, ती गोष्ट वेगळी. सगळ्याच सोयी एकदम कशा मिळणार?

असो. टीका करणं सोपं असतं, असं विमानतळवाले म्हणतात, म्हणून काही सांगावं हे बरं. नवी मुंबईच्या टर्मिनलचा आराखडा झाहा हदीद आर्किटेक्ट्स या जगप्रसिद्ध कंपनीनं केला. कमळाच्या आकाराचा. वर्तमानपत्रांतून त्याची जी चित्रं छापून आली त्यांत हसरे प्रवासी होते, चाकांच्या बॅगा होत्या, झाडं होती, आभाळ धुतलेलं होतं. पळस्प्याचे मामा त्या चित्रात कुठं उभे राहतील, हे आम्ही भिंग घेऊन शोधलं. न्हावा-शेवा बंदरालाही हा प्रश्न सुचायला वेळच लागला. बंदर 1989 ला सुरू झालं आणि ट्रेलरसाठी मध्यवर्ती पार्किंग प्लाझा उभा राहायला तीसएक वर्षं गेली. तोवर उरणच्या लोकांनी रस्त्याच्या दोन्ही कडांना लागलेल्या ट्रेलरच्या रांगांमधून पोरं शाळेत पोचवली, आणि ड्रायव्हरांनी त्याच रांगांत अंघोळी केल्या. उघड्यावर, कॅनमधल्या पाण्यानं.

म्हणून सिडकोला आणि विमानतळ चालवणाऱ्यांना एकच विनंती. पुढच्या टर्मिनलची निविदा काढण्याआधी ट्रक टर्मिनलची काढा. चांगल्यापैकी जागा, वेळेचं टोकन, स्वच्छ संडास, न्हाणी, दोन तास पाठ टेकायला छप्पर आणि परवडणारं जेवण. पैशाचं काय, असं लेखा विभागानं विचारलं तर खुशाल विमानाच्या खात्यात टाका. गाडीच्या कागदावर फ्लाइट नंबर आहेच.